कुठं निघालास?

प्रश्न साधा आहे. बाप-आजे ज्या वाटेनं वेठीला चालले, त्याच वाटेनं पोरांनी मौजेनं चालावं का?

हा प्रश्न मी हवेतनं काढलेला नाही. आपल्या वस्त्यांतली पोरं अलीकडं पावसाळ्यात डोंगर फिरायला जातात. सकाळी पोहाळ्याच्या लेण्यांपाशी जमायचं, जोतिबाचा डोंगर चढायचा, कडेकडेनं वळसा घालून दाणेवाडी-गिरोलीच्या अंगाला उतरायचं, आणि उसाच्या, भाताच्या पाणंदींतून चालत संध्याकाळी पुन्हा पोहाळ्यालाच यायचं. जिथनं निघाले तिथंच परत. कुठं पोचायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही.

यावरनं वस्तीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, "ही पांढरपेशांची थेरं. नळाला पाणी नाही, शिकलेली पोरं कामाविना बसलीत, आणि तुम्ही धुकं बघत हिंडता? तेवढ्या वेळात एक मोर्चा निघतो." दुसरा तट म्हणतो, "आम्ही काय फक्त मोर्चालाच चालायचं? आमच्या पायांना दुसरं काही ठाऊकच असू नये का?"

दोघांचंही मी ऐकलं. दोघंही अर्धं बोलतात. पहिला चालण्याची किंमत जाणत नाही, दुसरा वाटेचा इतिहास जाणत नाही. मित्रहो, वाट ही नुसती माती नसते. तिच्यावरनं कोण चालला, कुणाच्या हुकमानं चालला आणि कोण चालू शकला नाही, हे सगळं तिच्यात मुरलेलं असतं. ते उकरल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

२

गावाला, डोंगराला, शिवाराला फेरी घालणं ही पाठीवर पिशवी अडकवून येणाऱ्यांनी काढलेली गोष्ट नव्हे. आपल्या मुलखात ती तीन तऱ्हेनं चालत आली आहे.

पहिली फेरी देवाची. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरीची फेरी असते. रात्रभर माणसांची रांग डोंगराभोवती फिरत असते. कोल्हापुरात नवरात्रातल्या अष्टमीला अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. जोतिबाच्या डोंगरालाही श्रावणात दिंडी फिरते. या फेरीचा कायदा एकच: देव मधे, भक्त भोवती. आणि शेकडो वर्षं त्या भक्ताच्याही बाहेर आपण. गावोगावच्या पालख्या सगळ्या गल्ल्या फिरायच्या आणि आपल्या वस्तीच्या तोंडाशी आल्या की वळायच्या. आपल्या वाट्याला वाजंत्रीचा आवाज तेवढा यायचा.

दुसरी फेरी हौसेची. जुलै महिन्यात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं शेकडो तरुण चालत जातात. १६६० साली त्याच वाटेनं शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून निसटले होते, त्या आठवणीसाठी. २०२५ च्या जुलैमध्ये पन्हाळ्याचं नाव इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हौशी माणसांची गर्दी आता वाढतच जाणार. त्यात वाईट काही नाही. पण हौसेच्या फेरीत मधे देवाच्या जागी देखावा असतो. वरून पाहणारा म्हणतो, काय हिरवंगार आहे! त्या हिरव्यात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावण करणाऱ्या बायका असतात. वरून त्या ठिपक्यांएवढ्या दिसतात, म्हणूनच देखावा सुंदर दिसतो. जवळून दिसला तर मजुरीचा दर विचारावा लागेल.

तिसरी फेरी शिवेची. ही कुठल्या पोथीत नाही आणि कुठल्या पर्यटनाच्या नकाशातही नाही. ती आपली आहे. आपली म्हणजे आपल्यावर लादलेली. तिच्याविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे.

३

माझा पणजा तराळ होता. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याकडचं. तराळकी म्हणजे काय हे नव्या पोरांना पुस्तकातनं कळतं, मला ते आज्याकडनं कळलं. सरकारी टपाल पोचवायचं. मयताचा सांगावा पाच-दहा कोसांवर न्यायचा. मेलेलं जनावर ओढायचं. पाटलाच्या घोड्यापुढं पळायचं. आलेल्या अंमलदाराचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहायचं. आणि शीव राखायची.

शीव राखायची म्हणजे गावाच्या हद्दीचा एकूण एक दगड, झाड, ओघळ, टेकाड ध्यानात ठेवायचं. कुठल्या चिंचेपासून कुठल्या नाळेपर्यंत आपलं गाव आणि कुठून पलीकडचं, कुठल्या टेंगळावर तीन गावांच्या शिवा मिळतात, पावसानं कुठला बांध सरकला, कुणी रात्रीतनं दगड हलवला. हे ज्ञान कागदावर नव्हतं, पायात होतं. आजा म्हणायचा, "शीव डोक्यात ठेवून भागत न्हाई, पायात पायजे. अंधारात पाय सांगतोय आपन कुठं हाय ते." तो दहा-अकरा वर्षांचा असताना बापाबरोबर शीव फिरला होता. डोंगराच्या कडेनं वर, माथ्यावरनं आडवं, मग ओढ्याच्या काठानं खाली, शेतांच्या बांधावरनं परत. पुरी फेरी. त्या वेळी तिला कुणी निसर्गरम्य म्हणत नव्हतं.

दोन गावांत हद्दीचं भांडण लागलं की दोन्ही गावची कर्ती माणसं जमायची, आणि महाराला पुढं घालायची. आजा सांगायचा, डोक्यावर मातीचं ढेकूळ ठेवायचं, आणि म्हाताऱ्यानं चालत सुटायचं. तो चालेल ती शीव. त्याचं पाऊल पडेल तिथं दगड रोवायचा. मागनं पाटील, कुलकर्णी, दोन्ही गावचे मराठे, गुमान.

इथं थांबून विचार करा. ज्याची सावली चालत नाही, ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याचं पाऊल मात्र चालतं. ज्याला गावाच्या आत जागा नाही, तोच गाव कुठं संपतं ते ठरवतो. हा काय प्रकार आहे?

आपल्यातली काही वडीलधारी माणसं याचा अभिमान सांगतात. "म्हाराबिगर गावाची शीव ठरत नव्हती," असं छाती काढून म्हणतात. बिदरच्या बादशहानं दिलेल्या बावन्न हक्कांची कथा सांगतात. मला तो अभिमान समजतो. ज्याच्याजवळ काही ठेवलंच नाही त्यानं काहीतरी शोधून छातीशी धरावं, यात हसण्यासारखं नाही. पण विचार करणाऱ्यानं पुढं गेलं पाहिजे. गावानं महाराचा शब्द का मानला? तो सत्यवादी होता म्हणून? आज्यानं याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं. "आपली त्यात जमीनच न्हवती, म्हनून आपला सबूद खरा."

हीच ती गोम. कुणब्याचा शब्द मानता येत नव्हता, कारण शीव चार हात इकडं सरकली तर त्याचं शेत वाढणार. महाराचं काही वाढणार नव्हतं. हाडकी-हाडवळ्याचा एखादा तुकडा त्याला दिलेला असे, तोही चाकरीच्या दोरीला बांधलेला. त्याच्याजवळ गमवायला काही नव्हतं आणि कमवायला काही ठेवलं नव्हतं. म्हणून तो निःपक्ष. आधी माणसाला भुईतनं उपटायचं, आणि मग म्हणायचं, बघा कसा भुईविषयी निर्लोभ आहे! आपल्या नागवणुकीलाच त्यांनी आपलं इमान हे नाव दिलं. ते इमान मिरवायचं की नाकारायचं, हा आपल्यापुढचा खरा नैतिक प्रश्न आहे.

करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कायदा करून महार वतन मोडलं. जमीन ज्याची त्याच्या नावावर करून रयतावा केली, आणि माणसाला वेठीतनं सोडवलं. पुढं बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं, तेव्हा त्यांच्यापुढं हेच सत्य होतं: वतनाचा तुकडा म्हणजे गुलामीची वेसण. मुंबई राज्यात कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे शाहू महाराजांनंतर चाळीस वर्षांनी. तीही कशी गेली? कब्जेहक्काची रक्कम भरा, मग जमीन तुमच्या नावावर. ज्यांच्याकडं रक्कम नव्हती त्यांचं काय झालं ते तुम्ही आपापल्या गावात विचारा.

कायद्यानं तराळकी गेली, पण गावाची सवय कायद्याबरोबर जात नाही. आज्याला त्यानंतरही लोक हाळी मारून बोलवत. मात्र एक फरक पडला. आता तो "येत न्हाई" म्हणू शकत होता. म्हणत होता की नाही, हा वेगळा भाग.

४

आता चालण्याकडं येऊ.

आज्यानं आयुष्यात किती कोस तुडवले असतील याचा हिशेब नाही. पण एक गोष्ट त्यानं कधीच केली नाही. तो बिनकामाचा कधी चालला नाही. त्याच्या चालण्याला कायम कुणाचा तरी हुकूम होता. आणि हुकूम नसताना तो रस्त्यावर दिसला, तर कुणीही उठावं आणि विचारावं, "कुठं निघालास रं?" दहा वर्षांच्या पोरानं सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला अरेतुरे करून विचारावं, आणि म्हाताऱ्यानं थांबून, पागोटं सावरून, हिशेब द्यावा. या विचारण्यात आपुलकी नव्हती, चौकी होती. तुझं शरीर मोकळं का फिरतंय, याचा जाब होता.

जातीची व्यवस्था नुसती विहिरीवर आणि देवळात नसते. ती पायातही असते. कुणी घोड्यावरनं जायचं, कुणी वहाणा हातात घेऊन जायचं. कुणी रस्त्याच्या मधनं, कुणी कडेनं. आणि कुणाला विनाकारण हिंडता येतं, कुणाला येत नाही. पाटलाचा पोरगा ओढ्याकाठी शीळ घालत हिंडला तर तो रंगेल. आपला पोरगा हिंडला तर तो चोर.

म्हणून मी म्हणतो, स्वातंत्र्याची एक साधी कसोटी आहे. "कुठं निघालास?" या प्रश्नाला "कुठंच नाही" असं उत्तर देऊन ज्याला पुढं चालता येतं, तो मोकळा माणूस. बाकी सगळे कमी-अधिक वेठीला. आणि वर्तुळाची वाट म्हणजे हेच उत्तर. ती कुठंच नेत नाही. जिथनं काढते तिथंच आणून सोडते. तिच्यावर चालायला चालण्याखेरीज दुसरं कारणच सापडत नाही.

पहिल्या तटाला हे चैनीचं बोलणं वाटेल. त्यांनी वायकोम आठवावं. १९२४ च्या मार्चअखेर त्रावणकोरात सत्याग्रह सुरू झाला तो कशासाठी? देवळात जाण्यासाठी नव्हे. देवळाच्या चार बाजूंनी जे रस्ते होते त्यांवरनं नुसतं चालता यावं यासाठी. पावसापाण्यात माणसं उभी राहिली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. १९२५ च्या अखेरीला तडजोड झाली, आणि काय मिळालं? उत्तर, दक्षिण आणि पश्चिम हे रस्ते सगळ्यांना मोकळे. पूर्वेचा सवर्णांसाठी राखून ठेवलेला. चारातले तीन. व्यवहार पाहणारा म्हणेल, बरंच मिळालं की! पण तीन बाजूंनी चालणाऱ्याची फेरी कधी पुरी होत नाही. त्याला प्रत्येक वेळी कोपऱ्यावरून मागं फिरावं लागतं. मागं फिरताना त्याला कळतं, आपण नागरिक नाही, परवानगी मिळालेले आहोत. हक्क आणि सवलत यांत हाच फरक आहे.

आणि महाड? १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. ते पाणी प्यालो नाही तर आम्ही मरणार नाही, आम्ही तिथं जातो ते आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला, या अर्थाचं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. गरजेसाठी मागितलेली गोष्ट दयेनं देता येते. गरज नसताना बजावलेला हक्क दयेनं देता येत नाही, तो मानावाच लागतो. पाण्याला हे लागू असेल, तर वाटेला का नाही?

५

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण त्यातनं आपला प्रश्न कुठं वेगळा आहे ते कळतं.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचं पठार आहे. जमीनदारांनी ते शिकारीच्या पाखरांसाठी राखून ठेवलेलं, माणसाला बंदी. १९३२ च्या एप्रिलमध्ये गिरण्या-कारखान्यांतले काही शे तरुण कामगार ठरवून त्या पठारावर चढले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगवास झाला. आठवडाभर धुरात काम करणाऱ्याला रविवारी डोंगरावरची हवा का मिळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १९४९ साली तिथं राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा झाला, आणि २००० साली माळराना-डोंगरांवर मोकळं फिरण्याचा हक्क कायद्यात आला. म्हणजे बिनकामाच्या चालण्यासाठी कामगार तुरुंगात गेले, आणि त्यातनं कायदा झाला.

आपल्याकडं काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या १४३ व्या कलमानं तहसीलदाराकडं बांधावरनं वाट मागता येते. पण कुणाला? ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला, आपल्या शेतात जाण्यासाठी. म्हणजे वाट शेताला मिळते, माणसाला मिळत नाही. ज्याला शेतच नाही त्यानं या कलमाखाली काय मागायचं? ज्याला जमीन नाही त्याला वाट नाही, हा मनूचा श्लोक नाही, पण भूमिहीनाच्या पायाला दोन्ही सारखेच टोचतात.

याचा अर्थ मला १९७८ च्या पावसाळ्यात कळला. आमची आजी गेली. आपल्या स्मशानाची वाट एका बड्या शेतकऱ्याच्या शेतातनं जायची. आधीच्या वर्षी ती होती. त्या वर्षी नांगर फिरवून ऊस लावलेला. तिरडी खांद्यावर घेऊन आम्ही बांधाशी उभे. पाऊस कोसळतोय. मालक छत्री घेऊन आला आणि म्हणाला, "कुठं निघालाय रं?"

तिरडीला विचारलं त्यानं. कुठं निघालाय.

पोरं खवळली. कुऱ्हाडी निघायची वेळ आली होती. आजा त्र्याहत्तर वर्षांचा, बायको तिरडीवर. तो पुढं झाला. मालकाशी एक शब्द बोलला नाही. आम्हाला म्हणाला, "चला माझ्या मागनं." आणि तो शिवेला लागला. दोन गावांच्या मधनं जाणारी जी हद्दीची वाट असते, गावच्या नकाशावर असलेली, कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसलेली, ती. झाडोऱ्यानं बुजलेली होती. तरणी माणसं वाट विसरली होती, त्याच्या पायांना ती पाठ होती. डोंगराच्या अंगानं वर, ओढ्याच्या काठानं खाली, सगळ्या शिवाराला वळसा घालून दीड-दोन कोस आम्ही तिरडी नेली. ऊसवाल्याला अडवता आलं नाही, कारण त्या वाटेवर त्याचा हक्क आमच्याइतकाच होता.

काहीजण म्हणतील, हा पळ होता. उसातनंच तिरडी न्यायला हवी होती. त्या लढाईची वेळ पुढं आली, अर्ज झाले, मोर्चा झाला, ती कथा वेगळी. पण त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. वेठीनं चालून जे ज्ञान पायांत साठलं होतं ते पहिल्यांदा आमच्या उपयोगी पडलं. तोवर ते पाटलाच्या, सरकारच्या, दोन गावच्या शेतकऱ्यांच्या कामी आलेलं. त्या दिवशी आज्यानं ते आपल्या माणसासाठी वापरलं, आपल्या इच्छेनं.

इथं मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. वेठ नाकारायची. वेठीत मिळवलेलं ज्ञान नाकारायचं नाही. ती आपल्या बापजाद्यांची कमाई आहे, मजुरी न मिळालेली. गुलामीचा अभिमान नको, हे खरं. पण गुलामीचा राग म्हणून वाटच विसरली, तर पुढची तिरडी कुठनं नेणार?

६

उरलेलं अर्धं उत्तर डोंगरावर आहे.

जोतिबाच्या कड्यावरून खाली पाहिलं की गावं दिसतात. हौशी माणसाला ती चित्रातल्यासारखी दिसतात. तुम्ही नीट बघा. प्रत्येक गावाला एक तुकडा वेगळा पडलेला दिसेल. मधे एक मोकळी पट्टी, ओढा किंवा रस्ता, आणि पलीकडं आपली वस्ती. बहुतेक ठिकाणी ती पूर्वेला. का, तर वारं आणि पाणी पश्चिमेकडनं येतं. गावाला लागून झालेलं वारं आणि गावानं वापरलेलं पाणी आपल्याकडं यावं, आपलं त्यांच्याकडं जाऊ नये. गावाच्या आत राहणाऱ्याला ही आखणी दिसत नाही, त्याला ते नुसतं गाव वाटतं. फेरी घालणाऱ्याला दिसते. बाबासाहेब १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत खेड्यांविषयी जे कडू बोलले, ते खेड्याला बाहेरून पाहिलेल्या माणसाचं बोलणं होतं. ज्यांनी खेड्याची गाणी गाइली ते वेशीच्या आत बसून गात होते.

म्हणजे डोंगराची फेरी ही आपल्यासाठी देखाव्याची फेरी होऊ शकत नाही, आणि तशी ती करूही नये. आपण पाहायचं ते सगळं पाहायचं. धुकं पाहायचं, रानफुलं पाहायची, आणि मधली मोकळी पट्टीही पाहायची. सौंदर्य बघायला लाजू नका. फुलं कुणाच्या सातबाऱ्यावर नाहीत. पण ज्या सौंदर्यासाठी डोळ्यांचा अर्धा भाग मिटावा लागतो, ते आपलं सौंदर्य नव्हे.

आणि फेरी सुरू होते ती पोहाळ्याच्या लेण्यांपासून, हे विसरू नका. तिथं बौद्ध भिक्खू राहत होते. भिक्खूंचं चालणं कसलं होतं? चारिका हे त्यांचं काम होतं, बहुजनांच्या हितासाठी गावोगाव फिरायचं. पण त्याबरोबर चंक्रमणही होतं. एका ठरल्या जागेत शांतपणे इकडून तिकडं, तिकडून इकडं चालायचं, कुठंही न जाता. बुद्ध स्वतः चंक्रमण करत. ते रिकामपण नव्हतं. स्वतःच्या पावलाचा स्वतः मालक होण्याची ती साधना होती. स्तूपाभोवती फिरणारा माणूस काय करत होता? स्तूपात वर देणारा देव नाही. एका माणसाची आठवण आहे. तिच्याभोवती फिरताना मागायचं काही नसतं, ध्यानात ठेवायचं असतं.

पहिल्या तटाला म्हणून मी सांगतो, मोर्चा आणि फेरी यांत वैर नाही. मोर्चा म्हणजे आपली चारिका. पण ज्याचे पाय फक्त मोर्चाच्या हाकेलाच उठतात, तो नव्या हुकमाचा तराळ व्हायला वेळ लागत नाही. पुढारी हाळी मारतो, पोरं निघतात. कुठं निघालो हे विचारतसुद्धा नाहीत. स्वतःच्या इच्छेनं एक दिवस चाललेला माणूस दुसऱ्याच्या हाकेला निघताना कारण विचारतो. चळवळीला अशीच माणसं पाहिजेत.

दुसऱ्या तटाला सांगतो, जा, जरूर जा. पण जाताना भूमिअभिलेख कार्यालयातनं त्या गावांचे नकाशे काढून न्या. तुटक रेघांनी दाखवलेल्या पायवाटा असतात त्यावर. शिवेच्या वाटा असतात. कुठली आज चालू आहे, कुठली नांगरली गेली, कुठल्या वस्तीच्या स्मशानाची वाट कुणाच्या उसात बुडाली, हे चालता चालता टिपा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बरोबर घ्या, नाहीतर त्यांच्याकडनं आधी वाट ऐकून घ्या. ती माणसं जातील तशी ती शीव जाईल, कारण त्यांची शीव कागदावर नाही.

७

एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्याच घरातली आहे.

या फेऱ्यांना जी पोरं जातात त्यांत पोरी किती असतात? आजी आयुष्यभर चालली. सरपणाला, शेणाला, भांगलणीला, पाण्याला. रिकाम्या हातानं ती कधी घराबाहेर पडलीच नाही. हातात बुट्टी, डोक्यावर मोळी, कडेला पोर. तिचं चालणं आज्याच्याही चालण्यापेक्षा जास्त वेठीचं होतं, कारण तिला दोन धनी होते, एक गावात आणि एक घरात. आज तिची पणती कॉलेजात शिकते. भाषण करते, घोषणा देते. पण रविवारी सकाळी ती पायात बूट घालून दारात आली, हातात पिशवी नाही, भांडं नाही, पुस्तक नाही, तर तिला पहिला प्रश्न कोण विचारतो?

आपणच विचारतो. बाप विचारतो, भाऊ विचारतो. जयभीम म्हणणारे, महाडची कथा पाठ असलेले. "कुठं निघालीस?"

तोच प्रश्न, तोच सूर, तीच चौकी. ऊसवाल्यानं तिरडीला विचारलेला प्रश्न आपण आपल्या जित्या पोरीला विचारतो, आणि त्याला काळजी म्हणतो. तोही गावाच्या व्यवस्थेची काळजीच घेत होता.

वायकोमला तीन रस्ते उघडले आणि एक बंद राहिला. आपले तीन रस्ते आपण लढून उघडले आहेत, उघडत आहोत. चौथा आपल्या दारातनं जातो. त्याची किल्ली पाटलाकडं नाही, तहसीलदाराकडं नाही, ती आपल्याकडं आहे. पोरगी निघाली तर तिला वाट सांगा, पाण्याची बाटली द्या. ती "कुठंच नाही" म्हणाली, तर दारातनं बाजूला व्हा.